आजारी दादा, मग तपासणी माझी का? मनोरुग्णांच्या निरोगी नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादाला स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं निदान झालं तेव्हा मी बारावीत होते. लालबागच्या आमच्या चाळीत ही गोष्ट लपणं शक्यच नव्हतं, पण तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलणंही कुणाला जमत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "रुग्णांच्या निरोगी भावंडांचा एक अभ्यास चालू आहे. तुम्ही याल का?" घरी सांगितलं तर आईच्या हातातली परात तशीच राहिली. "तुला कशाला? तुला काय झालंय?"

मी गेले. आता रुग्णांच्या घरच्यांच्या एका गटात काम करते. ओपीडीबाहेरच्या बाकांवर, डोंबिवली-विरारहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या बहिणी, भाऊ, मुलं मला आईचाच प्रश्न विचारतात आणि त्यामागून आणखी बरेच. मी डॉक्टर नाही. पण या विषयावर मी खूप वाचलंय आणि जाणकारांना विचारून घेतलंय, त्यातून ही उत्तरं लिहिली आहेत.

मला काहीच झालेलं नाही. मग माझी तपासणी कशासाठी?

काही झालेलं नाही, म्हणूनच.

दादाच्या मेंदूचा आज एमआरआय काढला तर त्यात बरंच काही दिसेल. पण त्यातलं आजाराच्या मुळाशी असलेलं काय आणि नंतर साठत गेलेलं काय, हे कसं ओळखायचं? वीस वर्षं गोळ्या चालू आहेत. मधली काही वर्षं तो दिवसाला दोन पाकिटं सिगरेट ओढायचा. नोकरी सुटली, मित्र तुटले, झोपेचं चक्र उलटंपालटं झालं. या सगळ्याच्या खुणा मेंदूवर उमटतात. मूळ कारण त्या ढिगाखाली गाडलेलं असतं.

मी त्याची सख्खी बहीण. आमची सरासरी निम्मी जनुकं सारखी, लहानपण एकाच खोलीत गेलेलं, शाळाही एकच. पण मी कधी ती गोळी घेतली नाही की आजाराची वर्षं काढली नाहीत. दादाच्या मेंदूत दिसणारी एखादी गोष्ट सौम्य रूपात माझ्यातही दिसली, माझ्यासारख्या शेकडो भावंडांत दिसली आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही अशा लोकांत तेवढी दिसली नाही, तर ती औषधांमुळे आलेली नाही हे नक्की. ती बहुधा वारशानं आलेली जोखीम असते. आजारी माणसाकडून जे कळू शकत नाही, ते त्याच्या निरोगी भावंडाकडून कळतं.

म्हणजे "तो दोष" माझ्यातही आहे असं तुमचं म्हणणं आहे का?

आधी "दोष" हा शब्द बाजूला ठेवू या. पत्रिकेतल्या मंगळासारखा तो एकदा चिकटला की निघत नाही.

डेन्मार्कमधला जुळ्यांचा एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांच्या काही जोड्या अशा होत्या, की त्यातल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला आणि दुसरा निरोगी राहिला. संशोधकांनी दोघांच्याही मुलांची नोंद ठेवली. आजारी जुळ्याच्या मुलांमध्ये आजाराची जोखीम १६.८ टक्के निघाली आणि निरोगी जुळ्याच्या मुलांमध्ये १७.४ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखीच. संख्या लहान होती, पण अर्थ स्पष्ट होता. निरोगी राहिलेल्या भावाकडेही तोच वारसा होता. तो आयुष्यभर त्याच्यात गप्प बसला आणि पुढच्या पिढीकडे गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही. नंतर त्याची दुसरी बाजू लक्षात आली. जनुकं सगळीच्या सगळी सारखी असूनही एक भाऊ निरोगी राहिला होता. वारसा असणं म्हणजे आजार होणं नव्हे. तसंच, निरोगी असणं म्हणजे वारसा नसणंही नव्हे. ही दोन वाक्यं एकत्र लक्षात ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

शिवाय हा वारसा म्हणजे एखादं बिघडलेलं जनुक नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी निगडित २८७ जागा जनुकसंचात सापडल्या. त्यातल्या एकेकीचा परिणाम अगदी नगण्य असतो. असे थोडेथोडे अंश प्रत्येकाच्या वाट्याला येतात, शेजारच्या घरातही आणि माझ्याशी लग्न ठरवायला आलेल्या मंडळींच्या घरातही. कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त, एवढाच फरक. काही दुर्मीळ बदल मात्र एकटेच मोठी जोखीम आणतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल तर साधारण चौघांत एकाला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटण्याची अवस्था, होऊ शकतो. पण असे रुग्ण थोडे.

नेमका आकडा सांगा. मला हा आजार होण्याची शक्यता किती?

सगळ्यांना हवा असतो तो हाच आकडा. तो देते, पण पुढचा परिच्छेदही वाचा.

अमेरिकी संशोधक आयर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातल्या अनेक दशकांच्या कौटुंबिक अभ्यासांचं संकलन १९९१ साली मांडलं. स्किझोफ्रेनियाची आयुष्यभरातली जोखीम सर्वसाधारण माणसाला सुमारे १ टक्का. चुलत, मामे, मावस, आते भावंडांना २ टक्के. पुतण्या-भाच्यांना ४. सख्ख्या भावंडांना ९. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलांना १३. एकसारख्या जुळ्याला ४८. नंतरच्या काही अभ्यासांत हे आकडे थोडे कमी आले आहेत, पण नातं जितकं जवळचं तितकी जोखीम जास्त, हा क्रम तसाच राहिला आहे.

आता हाच ९ चा आकडा उलटा वाचा. शंभर सख्ख्या भावंडांपैकी एक्याण्णव जणांना हा आजार होत नाही. वयाचाही विचार करा. स्किझोफ्रेनिया बहुतेक वेळा दहावी-बारावीपासून तिशीपर्यंतच्या वयात डोकं वर काढतो. तुम्ही पंचेचाळिशीत असाल आणि ठणठणीत असाल, तर ९ हा आकडा आता तुमचा राहिलेलाच नाही. तुमची बरीचशी जोखीम मागे पडली आहे.

बायपोलर आजारात (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) रुग्णाच्या सख्ख्या नात्यांना साधारण ५ ते १० टक्के जोखीम धरतात. नैराश्यात वारशाचा वाटा या दोन आजारांपेक्षा कमी, साधारण ३७ टक्के मानला जातो. हा आकडा आजार होण्याच्या जोखमीचा नव्हे, माणसामाणसांतल्या फरकात वारशाचा भाग किती याचा. बाकीचा भार आयुष्यातल्या घडामोडींचा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्किझोफ्रेनियाच्या बहुतेक रुग्णांच्या सख्ख्या नात्यांत दुसरं कुणीही आजारी नसतं. त्यामुळे "आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग याला कसं झालं?" या प्रश्नात काही गूढ नाही. बहुसंख्य घरांची गोष्ट अशीच असते.

आईच्या वागण्यामुळे हे झालं असं नातेवाईक म्हणतात. खरं आहे का?

नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्य मानसोपचारात ही समजूत खरोखरच रुजलेली होती. मुलाला स्किझोफ्रेनिया होण्यामागे थंड, हुकूम गाजवणारी आई असते, असं तज्ज्ञ १९४८ सालापासून लिहीत होते. कित्येक आया हे ओझं घेऊनच गेल्या.

१९६६ साली लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं जन्मानंतर तीन दिवसांच्या आत आईपासून दूर केली गेली होती आणि दुसरीकडे वाढली होती. त्यांच्यापैकी ५ जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. अशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला हा आजार नसलेल्या ५० जणांपैकी एकालाही झाला नाही. त्या मुलांना आईचा सहवास मिळालाच नव्हता, त्यामुळे आईच्या वागणुकीला दोष द्यायला जागाच उरली नाही.

हा अभ्यास मी माझ्या आईला स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो आत्याला फोनवरून सांगितला.

तपासणीत नेमकं करतात काय?

अभ्यासाप्रमाणे फरक पडतो, पण साधारण एक पूर्ण दिवस जातो. नोकरी करत असाल तर रजाच टाका.

सुरुवातीला लांबलचक मुलाखत असते. तुमची झोप, मनःस्थिती, व्यसनं, शाळेतले दिवस, सगळं विचारतात. तुम्हाला स्वतःला कधी काही झालं नव्हतं याची आधी खात्री करून घ्यावी लागते. बऱ्याच जणांच्या आयुष्यात नैराश्याचा एखादा काळ सापडतो. कोणी आपल्याला तसं विचारलेलंच नसतं, म्हणून तो कळलेलाही नसतो.

मग येतात बुद्धीच्या चाचण्या. आकडे ऐकून उलटे म्हणा. पडद्यावर एकामागून एक अक्षरं येतील, दोन अक्षरांपूर्वी आलेलंच अक्षर पुन्हा आलं की बटण दाबा. पत्ते लावा, पण नियम सांगणार नाहीत आणि मधेच तो गुपचूप बदलतील. ही परीक्षा नव्हे. माझ्यासोबत आलेल्या एका काकांनी चुका झाल्या म्हणून तपासणाऱ्या मुलीची चार वेळा माफी मागितली. चाचणी मुद्दाम अशीच रचलेली असते की प्रत्येक जण कुठेतरी चुकणारच.

डोळ्यांची चाचणी मला सर्वांत आवडली. पडद्यावर एक ठिपका सावकाश सरकतो आणि त्याच्यामागे फक्त नजर न्यायची असते, डोकं हलवायचं नाही. आपल्याला वाटतं नजर सलग फिरतेय, पण यंत्राला दिसतं की ती मागे पडते आणि मग उडी मारून ठिपक्याला गाठते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप होल्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची नजर जास्त अडखळते आणि त्यांच्या कितीतरी निरोगी नातेवाइकांचीही. निरोगी नातेवाइकांना अभ्यासात बोलावण्याची प्रथा रुजायला ही चाचणी फार उपयोगी पडली.

ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपण्यासाठी, डोक्यावर तारांची टोपी घालतात. आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल अजिबात लावू नका, नाहीतर तारा टेकत नाहीत. कानात लागोपाठ दोन "टक" ऐकवतात, मधलं अंतर अर्धा सेकंद. बहुतेक लोकांचा मेंदू दुसऱ्या आवाजाकडे फारसं लक्ष देत नाही. पहिल्यावरून त्याला कळलेलं असतं की हे निरर्थक आहे. बऱ्याच रुग्णांचा आणि त्यांच्या काही निरोगी नातेवाइकांचा मेंदू मात्र दुसऱ्यालाही तेवढाच प्रतिसाद देतो. अमेरिकेत डेन्व्हरमधल्या संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिलं, की अशा धूम्रपान न करणाऱ्या नातेवाइकांना निकोटिनचं च्युइंगगम दिलं तर हा फरक तेवढ्यापुरता नाहीसा होतो. स्किझोफ्रेनियाचे इतके रुग्ण सिगरेटला का धरून बसतात, याचा एक धागा तिथे मिळाला. दादाच्या त्या दोन पाकिटांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहते. म्हणूनच तपासणीआधी सिगरेट, तंबाखू आणि मिश्रीबद्दल विचारतात. आपल्याकडच्या बायका मिश्री सांगायला लाजतात. पण सांगा, कारण त्यातही निकोटिन असतं आणि सगळा निकाल चुकू शकतो.

एमआरआयला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, साडीची पिन काढून ठेवावी लागते. शरीरात कुठलाही धातू असेल, कॉपर-टी असेल, जुन्या ऑपरेशनचा स्क्रू असेल, तर आधी सांगा. मंगळसूत्र काढायला तयार नसलेल्या वहिनींना मी एवढंच सांगते की सासूबाईंना सोबत आणा, त्या हातात धरून बसतील.

शेवटी रक्त. साधारण दोन-तीन चमचे.

मी चाचणीत चुकले. म्हणजे मला आजार होणार का?

नाही. हे फरक गटाच्या सरासरीत दिसतात. दोनशे भावंडांची सरासरी आणि दोनशे इतर लोकांची सरासरी यांत तफावत असते, पण दोन्ही गटांतली बहुसंख्य माणसं एकमेकांत मिसळलेली असतात. त्या मिसळलेल्या गर्दीत तुम्ही कुठे उभ्या आहात यावरून तुमचं भविष्य सांगता येत नाही. रात्रीची झोप न झालेला कुणीही माणूस त्या आकड्यांच्या चाचणीत पडेल.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. या चाचण्यांवर शिक्षणाचा फार मोठा परिणाम होतो. चौथीत शाळा सुटलेल्या मावशींची तुलना इंजिनिअरशी केली तर दिसणारा फरक शाळेचा असेल, जनुकाचा नव्हे. ज्या अभ्यासात तुमचं शिक्षण, भाषा आणि शाळेचं माध्यम नीट विचारलं जात नाही, त्याच्या निष्कर्षांवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

वंशावळ काढताना घरातल्या जुन्या गोष्टी विचारतात. सगळं सांगायचं का?

शक्य तेवढं सांगा. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तेव्हा ज्या गोष्टी बाहेर येतात त्या ऐकण्यासारख्या असतात.

वंशावळीत पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ. जो आजारी तो काळा रंगवायचा. ज्याच्यापासून अभ्यास सुरू झाला त्याच्याकडे बाण. आमच्या कागदावर दादाचा काळा चौकोन आणि त्याच्या शेजारी माझं पांढरं वर्तुळ होतं. वरच्या पिढ्यांत मी सगळं पांढरंच ठेवलं होतं.

मग गणपतीत कोकणात गेले आणि आजीच्या धाकट्या जावेशी बोलत बसले. वरच्या पिढीतल्या आबांबद्दल "आबा घर सोडून गेले" एवढंच आम्ही ऐकत आलो होतो. कुणी म्हणे ते गिरणीत कामाला मुंबईला गेले, कुणी म्हणे हिमालयात. त्या म्हणाल्या, "अगो, ते घरातच असायचे. मागच्या पडवीत. देवऋषी झाले, उतारे झाले. शेवटी कुणाशी बोलेनासेच झाले." नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या सात पिढ्यांची नावं सापडतील, पण पडवीतल्या माणसाची ही हकिकत सापडणार नाही. ती फक्त त्या आजींकडे होती. मी एक चौकोन अर्धा काळा केला, कारण निदान कुणी केलेलंच नव्हतं.

"संन्यास घेतला", "बाहेरचं झालं", "लग्नानंतर माहेरी परत आली ती कायमचीच", "विहिरीत पाय घसरला" या आपल्या कुटुंबांतल्या झाकणाच्या गोष्टी आहेत. प्रत्येक झाकणाखाली आजार असेलच असं नाही, म्हणून स्वतः निष्कर्ष काढू नका. ऐकलं तसंच सांगा. आईवडील नात्यातले होते का, मामाच्या मुलीशी लग्न झालं होतं का, हेही विचारतात. त्यात टोमणा नसतो, जनुकांचा हिशेब त्याशिवाय लागत नाही.

जिवंत नातेवाइकांबद्दल सांगताना मात्र थोडं जपून. चुलत बहिणीच्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल बोलण्याचा हक्क आधी तिचा आहे. नाव न घेता सांगता येतं.

"घराण्यात वेड आहे" म्हणून लग्न मोडेल अशी भीती वाटते. नाव बाहेर गेलं तर?

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझी दोन स्थळं याच कारणानं परत गेली.

अभ्यासात तुमच्या नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळी, कुलपात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी लागते, सहभाग ऐच्छिक असतो आणि तुम्ही कधीही, कारण न देता बाहेर पडू शकता. त्यानं दादाच्या उपचारात काही फरक पडता कामा नये. फॉर्मवर सही करण्याआधी हे सगळं तोंडी विचारून घ्या. मला पहिल्यांदा एका ठिकाणी अकरा पानांचा इंग्रजी फॉर्म दिला आणि "इथे सही करा" म्हणाले. मी मराठी प्रत मागितली. ती तीन आठवड्यांनी आली. मी तीन आठवडे थांबले. तुम्हीही थांबा.

कायद्याबद्दल एक गोष्ट. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण तो लग्न करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या आजाराबद्दल आहे आणि तोही विशिष्ट तीव्रतेच्या. भावाला आजार आहे म्हणून बहिणीच्या लग्नाला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. ज्यांनी स्थळ परत नेलं त्यांनी ते त्यांच्या मनानं नेलं. माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत, दादरच्या एका हॉटेलात, मी सगळं सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "दादा जेवायला काय आवडीनं खातात?"

माणसांना वंशावरून निवडण्याचंच हे नवं रूप नाही का?

हा प्रश्न एका कॉलेजातल्या मुलानं विचारला आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

रुग्णांच्या भावंडांमधली जोखीम शास्त्रीय पद्धतीनं मोजणारा पहिला मोठा अभ्यास म्युनिकमध्ये एर्न्स्ट र‍्यूडिन यांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. हेच र‍्यूडिन पुढे नाझींच्या १९३३च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याचे समर्थक आणि भाष्यकार झाले. त्या कायद्याखाली जवळपास चार लाख लोकांची नसबंदी झाली आणि त्यानंतर मनोरुग्णांच्या हत्या झाल्या. म्हणजे मी ज्या ज्ञानशाखेला रक्त देऊन आले तिच्या जन्माच्या खोलीतच हे घडलंय.

म्हणून संशोधकांना विचारायला कचरू नका. ही माहिती कुणाकडे राहणार? पुढच्या कुठल्या कामासाठी वापरणार? परदेशात पाठवणार का? माझ्या मृत्यूनंतर काय होणार? चांगला संशोधक या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर उठून या.

विमा कंपनी जनुकांच्या कारणावरून नाकारू शकते का?

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांवर मानसिक आजारांच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीनं विमा देण्याचं बंधन घातलं. तो कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं आनुवंशिक आजारांना सरसकट वगळणारं कलम भेदभाव करणारं ठरवलं. प्रत्यक्षात दावा करताना भांडावं लागतं. अभ्यासातला तुमचा निकाल मात्र विमा कंपनीला देण्याचा संशोधकांना अधिकार नाही.

माझ्या मुलांनाही आणू का?

अभ्यास लहान मुलांचा असेल तरच. डेन्मार्कमध्ये सात वर्षांच्या ५२२ मुलांचा एक अभ्यास झाला. त्यातल्या २०२ मुलांच्या आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया होता, १२० मुलांच्या पालकांना बायपोलर आणि २०० मुलांच्या पालकांना यांपैकी काही नव्हतं. पहिल्या गटातली मुलं लक्ष, स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांत सरासरीनं मागे होती. बायपोलर पालकांची मुलं बुद्धीच्या चाचण्यांत इतरांसारखीच होती. याचा उपयोग मुलांवर शिक्के मारण्यासाठी करायचा नाही. शाळेत कुणाला लवकर हात द्यावा लागेल हे कळण्यासाठी करायचा आहे.

आपल्याकडच्या नियमांनुसार मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, पण तेवढ्यानं भागत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी तयारीही घ्यावी लागते. मूल "नको" म्हणालं तर नको.

आम्ही आजारी पडलो नाही. त्यामागे काही कारण सापडलं का?

मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ याच प्रश्नाची आहे. दादा आणि मी एकाच खोलीत वाढलो आणि एवढी वेगळी आयुष्यं जगलो, ते का?

लहानपणीच स्किझोफ्रेनिया सुरू झालेल्या मुलांच्या निरोगी भावंडांचे एमआरआय अमेरिकेत वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढले गेले. त्यांच्यातही लहान वयात मेंदूचं बाहेरचं आवरण काही भागांत पातळ होतं, आजारी भावासारखंच. पण वीस वर्षांच्या आसपास ते इतर मुलांच्या बरोबरीला आलं. आजारी भावंडांत तसं पूर्णपणे झालं नाही. म्हणजे काही मेंदू वाढता वाढता स्वतःला सावरतात. कसे, हे समजलं तर त्यातून उपचाराची वाट निघू शकते.

वेगवेगळ्या देशांतल्या नातेवाइकांचे एमआरआय एकत्र पाहिल्यावर आणखी एक चकित करणारी गोष्ट दिसली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांचा मेंदू सरासरीनं किंचित लहान, तर बायपोलर रुग्णांच्या नातेवाइकांच्या कवटीतली जागा सरासरीनं किंचित मोठी. दोन आजार इतके जवळचे, तरी वारसा वेगळ्या वाटेनं जातो.

फिनलंडमधला दत्तक मुलांचा अभ्यास मी गटात नेहमी सांगते. ज्यांच्या जन्मदात्या आईला स्किझोफ्रेनिया होता अशी मुलं भांडणतंट्याच्या, विस्कटलेल्या घरात दत्तक गेली तेव्हा त्यांच्यात आजार जास्त दिसला. शांत, नीट बोलणाऱ्या घरांत गेलेल्या तशाच मुलांमध्ये कमी. आईमुळे आजार होत नाही आणि तरीही घराचं वातावरण महत्त्वाचं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

मी स्वतःसाठी काय करू शकतो?

गांजा नको. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. तो सायकोसिसची जोखीम वाढवतो, आणि रुग्णांची भावंडं इतरांपेक्षा त्याला जास्त संवेदनशील असल्याचं नेदरलँड्समधल्या भावंडांच्या अभ्यासात दिसलं आहे. कॉलेजच्या ग्रुपमधला "एकदाच मार रे" हा आग्रह तुमच्यासाठी वेगळा आहे. मित्राला परवडेल ते तुम्हाला परवडणार नाही.

झोप सांभाळा, विशेषतः घरात बायपोलर असेल तर. लागोपाठच्या रात्रपाळ्या टाळता आल्या तर टाळा. बाकी माणसं जोडून ठेवा. आजारी भावाची काळजी घेता घेता स्वतःचे मित्र सुटतात, ते सोडू नका.

अभ्यासाचा रिपोर्ट मिळतो का? पैसे मिळतात का?

वैयक्तिक रिपोर्ट सहसा देत नाहीत, कारण तुमच्या एकट्याच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. एमआरआयमध्ये गाठ वगैरे तातडीचं काही दिसलं तर सांगतात. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मागता येते. संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून कुणी मागितले तर काहीतरी चुकतंय.

बाजारातली डीएनए चाचणी करून घेऊ का?

नका करू. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा नैराश्य होणार की नाही हे सांगणारी चाचणी आज अस्तित्वात नाही. जनुकांवरून जोखमीचे मार्क काढायच्या ज्या पद्धती आहेत त्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेल्या आहेत आणि आपल्याकडे त्यांचा अंदाज आणखी कच्चा पडतो.

हे चित्र बदलायचं तर इथल्या कुटुंबांनी पुढे यायला हवं. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि तिथल्या सहकारी संस्थांनी २०१६ पासून अशा कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणारा आजार), दारूचं व्यसन आणि स्मृतिभ्रंश हे त्यातले पाच आजार. एकाच घरात दोन-तीन रुग्ण असलेली कुटुंबं त्यात घेतात आणि त्यांच्या निरोगी नातेवाइकांनाही. काहींच्या रक्तातल्या पेशींपासून मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनवता येतात) तयार करून त्यांवर अभ्यास होतो. मुंबईत असा अभ्यास चालू आहे का, हे तुमच्या रुग्णाच्या ओपीडीतल्या डॉक्टरांना किंवा समाजसेविकेला विचारा.

या अभ्यासांतून आजवर औषध निघालं का?

नाही. वीसेक वर्षांपूर्वी अशी आशा होती की नजरेची किंवा ईईजीची खूण आजारापेक्षा सोपी असेल, तिच्यामागे दोन-चारच जनुकं असतील आणि तिथून थेट औषधापर्यंत जाता येईल. तसं झालं नाही. त्या खुणाही आजाराइतक्याच गुंतागुंतीच्या निघाल्या. कळलं ते एवढं, की जोखीम आजाराच्या कितीतरी आधीपासून असते आणि ती असूनही बहुतेक माणसं निरोगी राहतात.

दादाला याचा आता काही उपयोग होणार नाही. तो मला म्हणाला, "तू जा. पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल." तो स्वतःही रक्त देऊन आला.

धाकटा भाऊ हल्ली बदललाय. वाट पाहू की दाखवू?

दाखवा. रात्र-रात्र जागणं, खोलीतून बाहेर न पडणं, मित्र सोडणं, मार्कांत अचानक घसरण, शेजारी आपल्याबद्दलच बोलतायत असा संशय, एकट्यानं पुटपुटणं. यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर अभ्यासाच्या नव्हे, उपचाराच्या ओपीडीत न्या. केईएम, नायर, सायन, जे.जे. या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. घरच्या एखाद्यानं सोबत बसावं, कारण काय बदललं हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. सायकोसिसचा उपचार जितका लवकर सुरू होतो तितकं पुढचं सोपं जातं. आम्ही दादाला चौदा महिने उशिरा नेलं, मधे दोन देवऋषी आणि एक उतारा झाला.

जायचं की नाही हे ठरत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा. क्रमांक १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा ऐकू आली तर मात्र फोनवर थांबू नका, सोबत राहा आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा. तिथे रात्रीही डॉक्टर असतात.